शेवटच्या दोन बाइटांवर अडलेला कॉम्प्युटर

जुना कॉम्प्युटर सुरू करावा, पंखा घरघरावा आणि काळ्या पडद्यावर 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड' उमटावं, की कुणीतरी हमखास म्हणतं, "डिस्क उडाली, फॉरमॅट मारा." अहो, थांबा! डिस्कवरचे फोटो कदाचित जागच्या जागी असतील, ते फॉरमॅटने जातील.

बटण दाबल्यावर कारभार असतो मदरबोर्डवरच्या चिपमधल्या बायॉस नावाच्या छोट्या प्रोग्रामकडे. या जुन्या बायॉसला ना विंडोज कळतं, ना लिनक्स. फाइल म्हणजे काय हेही त्याच्या गावी नसतं. तो डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे अवघे ५१२ बाइट, मेमरीत आणतो आणि सहसा शेवटचे दोन बाइट तपासतो. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत आकडे लिहायच्या पद्धतीत, ते ५५ आणि एए हवेत. बिट मांडून बघा: ०१०१०१०१ आणि १०१०१०१०. एकाच्या बरोब्बर उलट दुसरा! खूण पटली की बायॉस डोळे मिटून ताबा देऊन टाकतो.

त्याआधीचे ६४ बाइट म्हणजे पार्टिशन टेबल, डिस्कच्या भागांची (पार्टिशनची) यादी: १६ बाइटांची एक अशा चार नोंदी. १९८३च्या पीसी डॉस २.० पासूनची ही मांडणी. सुरुवातीचा ४४६ बाइटांचा कोड या नोंदींत ८० हा हेक्स आकडा शोधतो आणि तो जिथे असेल त्या पार्टिशनचा पहिला सेक्टर चालवतो. हा एक बाइट पुसला गेला, तर सगळा डेटा शाबूत असूनही विंडोज उठत नाही.

म्हणून आधी बायॉसमध्ये जाऊन घड्याळ बघा. ते काही वर्षं मागे गेलं असेल, तर ३ व्होल्टचा बटणसेल संपलाय. त्यासोबत बूटचा क्रम (आधी कुठून सुरू व्हायचं) आणि साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) हेही मूळपदावर गेले असतील. डिस्कचं नावच दिसत नसेल, तर केबल काढून पुन्हा घट्ट बसवा. नाव दिसतंय पण बूट होत नाही, तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करून आधी फायली उतरवून घ्या, दुरुस्ती मग.

डिस्क टकटक करत असेल तर मात्र लगेच बंद. ती फ्रीजरमध्ये ठेवायचा तोडगा अजून सांगितला जातो. बाहेर काढल्यावर दव धरतं, आणि वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. तिथे पाण्याचा थेंब म्हणजे डोंगरच.

मी एकदा स्क्रू काढले, केबल बदलली, अर्धा तास घाम गाळला. मागे विसरलेला पेनड्राइव्ह लटकत होता, आणि बायॉस आधी त्यालाच ताबा देत होता. त्याच्याही पहिल्या सेक्टरच्या शेवटी ५५ आणि एए होतेच की!