'फास्ट': घट्टपणापासून वेगापर्यंत

इंग्रजीतील 'फास्ट' हे विशेषण मराठी बोलण्यात रुळले आहे ते वेगाच्या अर्थाने. पण या शब्दाचा मूळ अर्थ गतीचा नव्हे, तर स्थैर्याचा होता. जुन्या इंग्रजीत 'फॅस्ट' म्हणजे घट्ट, पक्के, जागचे न हलणारे, आणि जर्मन भाषेतला त्याचा सगोत्र शब्द 'फेस्ट' आजही याच अर्थाने वापरला जातो. उपवासवाचक 'फास्ट'ही याच कुळातला असून, नियम घट्ट धरून पाळणे या कल्पनेतून तो आला असे व्युत्पत्तिकार मानतात.

स्थिर वस्तूचे वर्णन करणारा शब्द धावणाऱ्याला कसा लागू झाला, हा या इतिहासातला खरा कुतूहलाचा भाग आहे. हे स्थित्यंतर विशेषणात नव्हे, तर क्रियाविशेषणात घडले. 'घट्ट धरणे' यातला घट्टपणा म्हणजे धरण्यातला जोर. तोच जोर लढणे, धावणे अशा क्रियांना जोडला गेला, आणि जोर लावून धावणारा साहजिकच वेगाने धावत असल्यामुळे मध्ययुगीन इंग्रजीत या क्रियाविशेषणाला 'वेगाने' हा अर्थ चिकटला. मराठी वाचकाला हे पटायला वेळ लागू नये, कारण 'दोर जोरात धर' आणि 'जोरात पळ' ही दोन्ही वाक्ये आपण सहज बोलतो. क्रियाविशेषणातला हा अर्थ विशेषणात मात्र सावकाश, सोळाव्या शतकाच्या सुमारास उतरला.

जुना अर्थ त्यामुळे हद्दपार झाला नाही. धुण्याने न उतरणारा रंग 'फास्ट' असतो, गाढ झोपलेला माणूस 'फास्ट अस्लीप' असतो, नाव धक्क्याला बांधणे म्हणजे ती 'फास्ट' करणे, आणि न बदलणारा नियम 'हार्ड अँड फास्ट' ठरतो. अशा ठिकाणी वेगाचा अर्थ घेतला की भाषांतर पार उलटे होते. म्हणून हा शब्द कोणत्या नामाला किंवा क्रियेला जोडला आहे, हे आधी पाहणे अत्यावश्यक आहे.

वेगाच्या अर्थालाही पुढे फांद्या फुटल्या. 'फास्ट' घड्याळ म्हणजे खऱ्या वेळेच्या पुढे असलेले घड्याळ. छायाचित्रणात प्रकाशाला अधिक संवेदनशील असलेली फिल्म आणि अधिक प्रकाश आत घेणारे भिंग यांना 'फास्ट' म्हणतात, कारण त्यांच्यामुळे कमी वेळ प्रकाश पडला तरी चित्र उमटते.