शरदाची रात्र आणि सुती गोधडी

पाऊस माघारी फिरला की देशावर एकाच दिवसात दोन ऋतू नांदू लागतात. दुपारी ‘ऑक्टोबर हीट’नं अंगाची लाही लाही होते आणि पहाटे पाय आपोआप पोटाशी येतात. दोन्हींचं मोठं कारण एकच, मोकळं आकाश. दिवसा ऊन अडवायला ढग नसतात आणि रात्री जमिनीची ऊब अडवायलाही नसतात. तापलेली जमीन आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात सतत वर सोडत असते. ढग आणि हवेतलं बाष्प ती शोषून घेतात आणि तिच्यातला बराच भाग खाली परत पाठवतात. आषाढातली रात्र दिवसाहून फारशी गार नसते ती यामुळेच. शरदात हे पांघरूण विरत जातं. कोकणात मात्र हवा दमट राहते, समुद्रही शेजारी असतो, म्हणून मुंबई-रत्नागिरीची पहाट पुणे-नाशिकइतकी गारठत नाही.

कोजागरीला गच्चीवर बसलं की चांदण्याबरोबर गारवाही उतरतो. तो चंद्र आणत नाही. ज्या निरभ्र आकाशामुळे चांदणं इतकं लख्ख दिसतं, त्याच आकाशात जमिनीची उष्णता निसटून जात असते. पडताळा घ्यायचा तर पहाटे गाड्यांच्या टपांवरून हात फिरवावा. उघड्यावर उभी असलेली गाडी दवानं चिंब असते आणि डेरेदार झाडाखालची जवळपास कोरडी. लंडनचे डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनी हेच लोकरीचे पुंजके वापरून तपासलं होतं. सारख्या वजनाचे पुंजके त्यांनी फळीच्या वर आणि फळीच्या खाली रात्रभर ठेवले आणि मग तोलले. वरचे दवानं जड झाले होते, खालच्यांनी फारच कमी पाणी धरलं होतं. दव आकाशातून पडत नाही. उघड्यावरची वस्तू भोवतालच्या हवेहून गार होते आणि बाष्प तिच्यावर जमतं, हे त्यांनी १८१४ साली सविस्तर मांडलं.

उघड्यावर बसलेल्या माणसाचंही तेच होतं. शांत झोपलेल्या मोठ्या माणसाचं शरीर साधारण ७० ते ८० वॅट उष्णता बाहेर टाकत असतं. गोधडी त्यात एका वॅटचीही भर घालत नाही. ती फक्त हवा अडवून धरते, आणि तेवढं पुरतं. स्थिर हवेतून उष्णता फार हळू जाते. पाण्यातून ती वीसपटीहून अधिक सहज वाहते. अट एवढीच की हवा हलता कामा नये. मोठी पोकळी असली तर गरम हवा वर, गार हवा खाली असं चक्र सुरू होतं आणि ऊब निघून जाते. एकावर एक थर ठेवले की त्याच हवेचे पातळ पातळ पदर होतात आणि धाग्यांच्या जाळ्यात ती जागच्या जागी राहते.

इथे जुन्या लुगड्याची खरी किंमत कळते. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. ते चौपदरी केलं की दोन मीटर लांबीचे चार थर मिळतात. अशी दोन लुगडी शेजारी शेजारी जोडली की ऐसपैस गोधडीचं पोट तयार. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुती कापडातली खळ पूर्ण गेलेली असते आणि धाग्यांची टोकं सुटून त्यावर बारीक लव आलेली असते. ती लव हवा धरते. शिवाय असं कापड अंगाबरोबर वळतं. कडक नवी रजई खांद्यापाशी उभी राहते आणि कूस बदलली की आतली गरम हवा बाहेर फेकली जाते. मऊ गोधडी मानेशी, पाठीशी बसते.

धावदोऱ्याचंही गणित आहे. प्रत्येक टाका थर दाबतो, म्हणजे तिथली हवा बाहेर काढतो. टाके फारच दाट घातले तर गोधडी टिकाऊ होते, पण चपटी आणि कमी उबदार. फार विरळ घातले तर धुताना आतले थर सरकतात, एका कोपऱ्यात गोळा होतात आणि बाकी जागी नुसतं अस्तर उरतं. दोन ओळींत बोटभर अंतर हा जाणत्या हातांनी काढलेला मध्य मला फार मोलाचा वाटतो. कडेनं सुरुवात करून आत आत शिवत जायला वेळ लागतो, आणि तो लागू द्यावा. शरदातल्या दुपारी त्यासाठीच बऱ्या.

वापरायला काढण्याआधी तिला ऊन दाखवणं मात्र सोडू नये. कापूस हवेतलं पाणी पितो. ६५ टक्के आर्द्रतेला तो आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के बाष्प धरतो, पावसाळ्यात त्याहून बरंच जास्त. तीन किलोच्या गोधडीत हात ओला न होताही पेलाभर पाणी सहज असतं. ते पाणी उष्णता वाहून नेतं आणि धुळीतल्या सूक्ष्म किड्यांना जगवतं. हे किडे पाणी पीत नाहीत, दमट हवेतूनच ओलावा घेतात. कोरड्या हवेत ते सुकून मरतात. पण दम्याचा, शिंकांचा त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेमुळे, आणि ती उन्हानं जात नाही. म्हणून आधी गरम पाण्यात धुणं, मग दोन्ही बाजूंनी कडकडीत ऊन, मग झटकणं.

पायांवर गोधडी घेतली की झोप लवकर लागते, यालाही आधार आहे. झोप येताना शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि ती उष्णता हातापायांच्या कातडीतून बाहेर पडते. पाय उबदार असले की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि हे काम सोपं होतं. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या संशोधकांनी १९९९ मध्ये हा संबंध दाखवून दिला. खोली गार आणि पांघरुणाखाली ऊब ही जोडी झोपेला मानवते. २,००० वॅटचा हीटर तासभर अखंड चालला तर दोन युनिट वीज खातो आणि भिंतीही तापवत बसतो. ब्रिटनमध्ये, अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत तर शरद लागताच घर तापवण्याचा खर्च सुरू होतो; तिथे बॅगेतून नेलेली गोधडी नुसती आठवण म्हणून घडी करून ठेवू नये.

एक किलो सुती कापडामागे जगाच्या सरासरीनं सुमारे १०,००० लिटर पाणी खर्च होतं. यात पावसाचं पाणीही धरलेलं आहे, आणि विदर्भातला बराचसा कापूस कोरडवाहू आहे, त्यामुळे प्रत्येक शेताला हा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही जे कापड एकदा पिकलं, कातलं, विणलं गेलं, ते आणखी पंधरा-वीस वर्षं वापरलं तर तेवढं नवं कापड लागत नाही.

अडचण आहे ती आजच्या साड्यांची. आता कपाटात निघतात त्या बहुतेक सिंथेटिक. पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्का ओलावा धरतं, त्यामुळे घाम कातडीवरच राहतो आणि पहाटे चिकचिक होते. शिवाय धुताना त्यातून प्लास्टिकचे बारीक तंतू सुटतात. अशा साड्या वापरायच्याच असतील तर त्या मधल्या थरांत घालाव्यात आणि अंगाला लागणारी बाजू जुन्या सुती धोतराची किंवा चादरीची ठेवावी. ती बाजू आधी विरेल. तेव्हा सगळी गोधडी न उसवता तिच्यावरच नवा सुती थर चढवून शिवता येतो.