वाहन खरेदी करारातील लवाद कलम

गाडी घेताना ग्राहक ज्या छापील करारावर सही करतो, त्यात ‘वाद झाल्यास तो न्यायालयात न नेता लवादापुढे न्यावा’ अशी अट असल्यास तिला लवाद कलम म्हणतात. अमेरिकेतील डीलरांच्या करारांत ते सर्रास आढळते.

तेथील १९२५ चा संघीय लवाद कायदा हे कलम बंधनकारक मानतो. फसवणूक, जबरदस्ती, उघड अन्याय्य अटी अशा ज्या कारणांनी कुठलाही करार रद्द होतो, त्याच कारणांनी ते रद्द होऊ शकते. काही राज्यांची न्यायालये सामूहिक दाव्यांवर बंदी घालणारी कलमे अन्याय्य ठरवत होती. २०११ मध्ये एटी अँड टी मोबिलिटी या मोबाइल कंपनीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वाट बंद केली. त्यामुळे एकाच दोषाच्या गाड्या पदरी पडलेल्या ग्राहकांनाही प्रत्येकी वेगळे भांडावे लागू शकते. दुरुस्तीच्या खर्चापेक्षा वकिलाचा खर्च जास्त, म्हणून बरेच जण तक्रारच सोडून देतात.

कलमाचा खरा तोल बारीक अक्षरांत कळतो. जुन्या मर्सिडीज-बेंझच्या विक्रीवरून व्हॅलेन्शिया होल्डिंग या डीलरविरुद्ध झालेल्या खटल्यातील करार पाहण्याजोगा आहे. निवाडा शून्य रकमेचा किंवा एक लाख डॉलरहून अधिक असला, अथवा त्यात मनाई हुकूम असला, तरच त्याविरुद्ध दाद मागता येत होती. हप्ते थकल्यास गाडी परस्पर ताब्यात घेण्याचा हक्क मात्र लवादाबाहेर ठेवला होता. तरीही कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे कलम वैध ठरवले.

वाहन कंपन्यांनी हेच कलम डीलरांवर लादले, तेव्हा डीलरांनी त्याविरुद्ध संसदेत दाद मागितली आणि २००२ मध्ये कायदा करून घेतला. वाद उद्भवल्यानंतर दोन्ही बाजूंनी लेखी संमती दिली, तरच तो लवादापुढे जातो. ग्राहकाला असे संरक्षण मिळालेले नाही, ही विसंगती खटकणारी आहे.

करारावर सही नसलेल्या उत्पादक कंपनीला हे कलम वापरता येते का, यावर कॅलिफोर्नियातील न्यायालयांत बराच काळ मतभेद होते. कंपनीची वॉरंटी डीलरच्या विक्री करारातून येत नाही, ती स्वतंत्र असते. त्यामुळे कंपनीला त्या कराराचा आडोसा घेता येणार नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये फोर्डच्या वॉरंटी खटल्यांत दिला.

इतरत्र कायद्याचा कल निराळा आहे. युरोपीय संघाच्या १९९३ च्या निर्देशात सक्तीच्या लवादाची अट संभाव्य अन्याय्य अटींच्या यादीत आहे. भारतात एमार एमजीएफ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणातील २०१८ च्या निकालानुसार करारात लवाद कलम असले तरी ग्राहक आयोगाचे दार खुले राहते. लवादाकडे जायचे की आयोगाकडे, हे ग्राहक ठरवतो. विक्रेत्याला त्याच्यावर लवाद लादता येत नाही.