कासवमित्र

कासवमित्र : समुद्री कासवांची घरटी शोधून अंडी राखणारा आणि पिल्ले समुद्रापर्यंत सुखरूप पोहोचवणारा किनाऱ्यावरच्या गावचा कार्यकर्ता. सर्पमित्र, पक्षिमित्र यांच्याच ओळीतला हा शब्द कोकणात २००२ नंतर रुळला. सर्पमित्राला लोक फोन करून बोलावतात. कासवमित्र हंगामाचे चार-पाच महिने कुणी न बोलावता रोज पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, फेरी मारतो. बहुतेक कासवमित्र त्याच गावात वाढलेले तरुण असतात. कुणी मासेमारी करतो, कुणी बागायतीत राबतो, कुणाच्या घरी पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय असते. वनखात्याकडून किंवा संस्थेकडून हंगामापुरते मानधन मिळते, पण त्यावर घर चालत नाही.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येते ते मुख्यत्वे ऑलिव्ह रिडले कासव. शास्त्रीय नाव लेपिडोकेलिस ऑलिव्हेसिया. पाठ साधारण दोन-सव्वादोन फुटांची, रंग शेवाळी करडा, वजन ३५ ते ५० किलो. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या येथे या माद्या लाखोंच्या संख्येने एकाच वेळी किनाऱ्यावर चढतात. कोकणात तसे होत नाही. इथे एखाद्या रात्री एक, कधी दोन, तर कधी आठवडाभर एकही मादी येत नाही. त्यामुळे ओडिशातली राखण आणि कोकणातली राखण ही मुळातच वेगळी कामे आहेत. तिथे काही दिवसांसाठी मोठा बंदोबस्त लागतो, तर इथे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत एकेका घरट्यासाठी रोजची पायपीट करावी लागते. ही पायपीट बाहेरून आलेल्या माणसाला झेपत नाही. ती गावातल्याच माणसाने करायची असते आणि कासवमित्र ही व्यवस्था त्यातूनच जन्माला आली.

तिची सुरुवात रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात, वेळास येथे झाली. बाणकोटच्या किल्ल्याजवळचे हे छोटेसे गाव त्याआधी नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणूनच लोकांना ठाऊक होते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ मध्ये समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी या किनाऱ्यावर फिरत होते. तेव्हा त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशी केल्यावर कळले की कासवे दरवर्षी येतात आणि त्यांची अंडीही दरवर्षी काढली जातात, खायला आणि विकायला. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या कासवाला जागा असली, तरी गावाच्या लेखी तो वर्षानुवर्षांचा रिवाज होता आणि त्यात कुणाला वावगे वाटत नव्हते.

संस्थेने गावकऱ्यांना विरोधात न ढकलता सोबत घेतले. घरटे शोधण्याचे कसब अंडी काढणाऱ्यांइतके दुसऱ्या कुणाजवळ नव्हते, म्हणून त्या कसबालाच राखणीच्या कामाला लावले गेले. या चळवळीतले सर्वांत शहाणपणाचे पाऊल हेच, असे या नोंदीच्या लेखकाला मनापासून वाटते.

ते कसब नेमके काय आहे, हे जवळून पाहण्यासारखे आहे. मादी रात्री भरतीरेषा ओलांडून वर येते. तिचा माग दोन-अडीच फूट रुंद असतो, दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारख्या पायांचे ठसे आणि मधे पोट घासल्याची पट्टी. ओल्या वाळूत तो पहाटेपर्यंत स्पष्ट दिसतो. वारा सुटला किंवा उधाण आले की पुसला जातो. म्हणून फेरी रात्री किंवा अगदी उजाडायच्या आत करावी लागते. माग जिथे वळून परत समुद्राकडे जातो, तिथे आसपास वाळू विस्कटलेली असते. पण घरटे नेमके त्या विस्कटलेल्या वाळूखालीच असते असे नाही. अंडी घालून झाल्यावर मादी खड्डा बुजवते, अंग डाव्या-उजव्या बाजूला आपटून वाळू थोपटते आणि भोवतालची वाळूही उधळून जागा लपवते. कधी ती नुसती खणून, अंडी न घालताच परतलेली असते. अनुभवी कासवमित्र अनवाणी पायाने वाळू चाचपतो. जिथे पाय किंचित खचतो तिथे बारीक काठी हळूच खुपसतो. काठी अडत अडत जाऊन एकाएकी सैल आत गेली, की काठी बाजूला ठेवून तो हाताने उकरू लागतो. सुमारे दीड फूट खोल, तळाशी फुगीर आणि वर निमुळता, सुरईसारखा तो खड्डा असतो आणि त्यात शंभर-सव्वाशे अंडी असतात. आकार टेबल टेनिसच्या चेंडूएवढा, कवच मऊ, बोटाने दाबले तर पोचा पडावा असे.

अंडी हलवायची तर काही तासांच्या आत हलवावी लागतात. वेळ उलटला की आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, आणि त्यानंतर अंडे उलटेपालटे झाले तर गर्भ मरतो. म्हणून प्रत्येक अंडे होते त्याच स्थितीत उचलून, घरट्यातल्याच ओल्या वाळूसह बादलीत ठेवून हॅचरीपर्यंत नेतात. हॅचरी म्हणजे भरतीरेषेच्या वर, जाळीच्या कुंपणात राखलेला वाळूचा तुकडा. तिथे मूळ खड्ड्याइतकाच खोल, तसाच सुरईच्या आकाराचा खड्डा हाताने खणून अंडी पुरतात. शेजारी पाटी रोवली जाते, तिच्यावर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली असते.

अंडी जागेवरच ठेवावीत, हलवल्याने उबवणीवर परिणाम होतो, असे अनेक शास्त्रज्ञ सांगतात आणि तत्त्व म्हणून ते बरोबरच आहे. पण कोकणच्या पुळणीवर कोल्हे आहेत, भटकी कुत्री आहेत आणि त्यांची नाके माणसाच्या डोळ्यांपेक्षा तयार आहेत. उघड्यावर सोडलेले घरटे रातोरात फस्त होते, हे कासवमित्राने स्वतः पाहिलेले असते. त्यामुळे इथे हॅचरीचा मार्ग अजून सुटलेला नाही.

उबवणीला ४५ ते ६० दिवस लागतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते : साधारण २९ अंश सेल्सिअसच्या वर माद्या अधिक, खाली नर अधिक. दिवस भरत आले की घरट्यावरची वाळू वाटीसारखी खाली बसते. मग त्यावर टोपली पालथी घालतात आणि रोज सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात. कधी टोपलीखाली काहीच नसते; कधी तीस-चाळीस काळपट पिल्ले एकमेकांवर चढत असतात. प्रत्येक पिल्लू तळहातात मावेल एवढे, वजन जेमतेम १५-२० ग्रॅम. त्यांना उचलून थेट पाण्यात सोडत नाहीत. पाण्यापासून काही अंतरावर वाळूत ठेवतात आणि चालत जाऊ देतात, कारण जन्मकिनाऱ्याची ओळख या पहिल्या प्रवासात मनात ठसते आणि मोठी झालेली मादी अंडी घालायला त्याच भागात परतते, असे मानले जाते. लाट येऊन पिल्लाला उलथवते, मागे फेकते. ते सरळ होऊन पुन्हा निघते. हजारातले एखादेच पिल्लू मोठे होते असा अंदाज नेहमी दिला जातो.

हे पाहायला लोक येऊ लागले आणि वेळासला कासव महोत्सव सुरू झाला. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान पुण्या-मुंबईची मंडळी गावातल्या घरांत मुक्काम करतात, पडवीत जेवतात, पहाटे किनाऱ्यावर दोरीच्या अलीकडे उभी राहतात. हॉटेल न बांधता घराघरांत पाहुणे उतरवल्यामुळे अंडी विकून मिळायचे त्याहून अधिक पैसे अंडी राखून मिळू लागले. हीच रीत पुढे आंजर्ल्याला आणि इतर काही गावांत गेली. आज रायगडात हरिहरेश्वर आणि दिवेआगर, रत्नागिरीत केळशी, गुहागर, गावखडी, सिंधुदुर्गात वायंगणी अशा अनेक गावांत कासवमित्र काम करतात. वनखाते आणि त्याचाच, किनाऱ्यावरची खारफुटी सांभाळणारा कांदळवन कक्ष त्यांच्या पाठीशी असतात. गर्दीचा त्रासही खरा आहे. मोबाइलचा झोत, पिल्लू हातात घेऊन फोटो काढायचा हट्ट आणि टोपली रिकामी निघाली म्हणून केलेली चिडचिड या सगळ्याला गावातल्या पोरांनाच तोंड द्यावे लागते, आणि ते पाहुण्याचा अपमान न करता करावे लागते.

तरुणांनी कासवे राखण्याची कल्पना मात्र कोकणच्या आधी इतरत्र उभी राहिली होती. चेन्नईत १९७० च्या दशकापासून निसर्गप्रेमी रात्री किनाऱ्यावर चालून घरटी शोधत. १९८८ मध्ये हे काम विद्यार्थ्यांनी हाती घेतले आणि समुद्री कासवांसाठी स्वतःची संघटना उभारली. पुढे कासवांचे नामवंत अभ्यासक झालेले कार्तिक शंकर त्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकीच एक. नीलांकरै ते बेझंट नगर अशी त्यांची फेरी आजही हंगामात निघते. एक तुकडी शिकून बाहेर पडते तोवर पुढची तयार झालेली असते. केरळात कोझिकोडजवळच्या कोलावीपालम येथे १९९२ मध्ये गावातल्या तरुण मच्छीमारांनी कासवांविषयीची वर्तमानपत्रातली बातमी वाचली आणि ‘तीरम’ ही संस्था काढली. त्यांची हॅचरी नावारूपाला आली, पण नदीमुखातला वाळूउपसा आणि किनाऱ्यावर बांधलेल्या दगडी भिंती यांनी पुळणच खाऊन टाकली. राखणदार होते, कासवाला चढायला वाळू उरली नाही. कोकणातल्या प्रत्येक नव्या बंधाऱ्याच्या चर्चेत हे उदाहरण समोर ठेवायला हवे. गोव्यात मोरजी, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे कासवांसाठी राखलेले आहेत. तिथे मुख्य झगडा किनाऱ्यालगतच्या दिव्यांशी आहे, कारण पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात आणि समुद्राऐवजी भलतीकडे जातात.

मुंबईतही मार्च २०१८ मध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्ले दिसली. त्याआधी २०१५ पासून वकील अफरोज शाह यांच्या पुढाकाराने शेकडो स्वयंसेवकांनी, त्यांत विद्यार्थी पुष्कळ, तिथला कचरा आठवड्यामागून आठवडे उचलला होता. डहाणूला वनखात्याच्या कासव उपचार केंद्रात स्थानिक स्वयंसेवक जाळ्यात जखमी झालेली, पावसाळ्यात वाहून आलेली कासवे सांभाळतात. जाळे कापून कासव सोडणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०१८ मध्ये घेतला. कासवमित्रांचे काम सोपे करणारा हा निर्णय होता, कारण अंडी राखणारा आणि जाळे टाकणारा हे पुष्कळदा एकाच घरातले भाऊ असतात.

कोकणची कासवे जातात कुठे, हे बराच काळ कुणालाच ठाऊक नव्हते. २०२२ च्या सुरुवातीला भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठानने पश्चिम किनाऱ्यावर प्रथमच पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले. वेळासची प्रथमा, आंजर्ल्याची सावनी आणि गुहागरच्या वनश्री, रेवा, लक्ष्मी. त्यांच्यासाठी रात्री किनाऱ्यावर डोळ्यांत तेल घालून बसले ते कासवमित्रच. २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. उलट दिशेचा पुरावा जानेवारी २०२५ मध्ये मिळाला : २०२१ साली ओडिशात पायाला खुणेची पट्टी लावलेली मादी गुहागरला अंडी घालताना सापडली. दोन्ही किनाऱ्यांवरची कासवे एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत ही समजूत त्यामुळे हलली. ती पट्टी कुणीतरी अंधारात पाहिली आणि तिच्यावरचा आकडा नोंदवला, म्हणून हे कळले.

अडचणी कमी नाहीत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड-दापोलीतली घरे, माड आणि सुपारीच्या बागा झोपवल्या. पाहुण्यांवर चालणारे घरगुती उत्पन्नही काही काळ बुडाले. अंडी घालण्याचा हंगाम पुढे सरकू लागल्याचे कासवमित्र सांगतात. हंगाम जितका उशिरा, तितकी उबवण कडक उन्हात सापडते. सर्वांत मोठी काळजी माणसांची आहे. बारावी झाली की पोरगा मुंबईची एसटी पकडतो, हे कोकणाचे जुने दुखणे, आणि ज्याच्या तळपायाला वाळूतला सैलपणा कळतो तो गेला तर त्याच्या जागी दुसरा तयार व्हायला दोन-तीन हंगाम लागतात.

पिल्ले निघून गेल्यावरही काम संपत नाही. शेवटचे पिल्लू बाहेर पडल्यानंतर कासवमित्र ते घरटे हाताने पूर्ण उकरतो. फुटलेली टरफले, न उबलेली अंडी, आतच मेलेली पिल्ले असे वेगवेगळे ढीग करून मोजतो आणि पाटीवरच्या मूळ आकड्याशी ताळा करून वहीत उतरवतो. अधूनमधून तळाशी, टरफलांच्या खाली अडकलेले एखादे पिल्लू हाताला जिवंत लागते. त्याच्या अंगावरची वाळू झाडून त्याला टोपलीखाली सावलीत ठेवतात, आणि ऊन उतरल्यावर एकटेच किनाऱ्यावर सोडतात.