तारेचे वेटोळे आणि नऊ व्होल्टची बॅटरी

म्हापशात पंख्यांचे आणि पाण्याच्या पंपांचे वाइंडिंग करून देणाऱ्या दुकानांत एनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेची रिळे दिसतात. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप, म्हणजे तारेची थरथर विजेत उतरवणारा भाग, त्याच जातीच्या तारेचा बनतो, फक्त ती केसाएवढी बारीक असते, सुमारे ०.०६ मिलिमीटर. चुंबकाभोवती तिचे सात-आठ हजार फेरे घालायचे. वर गिटारची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात किंचित वीज तयार होते. ना बॅटरी लागते, ना चिप. हा पॅसिव्ह पिकअप. आता वेटोळेच सर्किटच्या पाटीवर छापलेले, बॅटरीवर चालणारे ॲक्टिव्ह पिकअप आले आहेत. मग तार गुंडाळून पोट भरणाऱ्यांचे काय, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर मला भविष्यापेक्षा इतिहासात जास्त सापडते.

गिटारला पिकअप लागला तो आवाज पुरेना म्हणून. गोव्यात हे फार समजावून सांगावे लागत नाही. पोर्तुगीज काळात इथल्या पॅरिश शाळांत मुले सोल्फेज (लिहिलेले स्वर वाचून गाणे) आणि व्हायोलिन शिकली आणि त्यांतली कितीतरी पुढे मुंबईच्या डान्स बँडांत, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेली. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट किंवा ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवणारे ख्रिस पेरी ही नावे आजही आदराने घेतली जातात. अशा पितळी वाद्यांसमोर साध्या गिटारने मागे बसून ठेका धरावा, एवढेच तिच्या वाट्याला येई.

अमेरिकेतही रडगाणे हेच होते. जॉर्ज बीचम यांनी १९३१ च्या सुमारास नालेच्या आकाराची चुंबके आणि एक वेटोळे घेऊन तोडगा काढला. रिकनबॅकर कंपनीची ती ॲल्युमिनियमची गिटार तळणीच्या तव्यासारखी दिसायची आणि त्याच नावाने ओळखली गेली. पेटंट मिळायला १९३७ उजाडले. तोवर, १९३६ मध्येच, गिब्सन कंपनीने पिकअप बसवलेली ईएस-१५० ही गिटार बाजारात आणली होती.

आवाज मिळाला, पण त्यासोबत गुणगुण आली. तारेचे वेटोळे आसपासच्या विजेची कंपने ॲंटेनासारखी ओढून घेते. १९५४ च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरवर असे एकेका वेटोळ्याचे तीन एकेरी पिकअप होते, टोन काचेसारखा लख्ख, आणि गुणगुणही तितकीच स्पष्ट. गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी दोन वेटोळी शेजारी ठेवून एकाचे वळण आणि चुंबकाची दिशा दुसऱ्याच्या उलट केली. त्यामुळे गुणगुण परस्परांत मिटते आणि तारेचा आवाज मात्र एकमेकांत मिळतो. पेटंटचा अर्ज १९५५ चा, मंजुरी १९५९ ची. १९५७ ते १९६२ च्या सुमारास बनलेल्या पिकअपवर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशी चिठ्ठी असे. आज संग्राहक त्या चिठ्ठीसाठी जीव टाकतात, कारण त्या वेळच्या यंत्रांवर फेऱ्यांची संख्या काटेकोर राहत नसे आणि म्हणून प्रत्येक पिकअपचा सूर थोडा वेगळा. फेंडरच्या कारखान्यात अबिगेल यबारा १९५६ पासून पिकअप गुंडाळत. पुढे त्यांच्या हातचा पिकअप हीच ओळख झाली. या धंद्याची खरी पुंजी म्हणजे हाताचा हा अनियमितपणा. मोजमापात ती दोष म्हणून दिसेल, वादकाच्या कानाला ती चव आहे.

आता १९७६ कडे या. त्या वर्षी कॅलिफोर्नियात दोन उद्योग उभे राहिले. सेमूर डंकन यांनी जुन्या पद्धतीचे पिकअप गुंडाळून विकायला घेतले, आणि रॉब टर्नर यांनी ईएमजी काढून वेटोळ्याच्या पोटातच प्रवर्धक बसवला. ईएमजीमध्ये वेटोळ्याचा आवाज आतच वाढवला जातो आणि कमी इम्पिडन्सने (विद्युत अडथळ्याने) बाहेर येतो, म्हणून लांब केबलमध्येही वरचे स्वर मरत नाहीत, गुणगुण जवळपास ऐकू येत नाही. १९८० च्या दशकात मेटल वाजवणाऱ्यांनी ते उचलून धरले. डेव्हिड गिल्मर यांच्यासारख्या वेगळ्या बाजाच्या वादकानेही वापरले. तरी डंकन बुडाले नाहीत. उलट पुढे त्यांनी स्वतःच ॲक्टिव्ह पिकअप काढले. एकाच वर्षी जन्मलेली ही दोन दुकाने अर्धे शतक शेजारी चालली आहेत.

मग २०१४ मध्ये फिशमन कंपनीने फ्लुएन्स हा पिकअप आणला. ईएमजीतही तार गुंडाळलेलीच होती. फ्लुएन्समध्ये गुंडाळणेच नाही. सर्किटच्या पाट्यांचे थर एकमेकांवर रचून वेटोळे तयार होते, प्रत्येक नग हुबेहूब सारखा, आणि एका बटणाने दोन वेगळे आवाज. इथे कारागिराचा हात पूर्ण बाजूला झाला. गंमत म्हणजे त्या दोन आवाजांतला एक बहुधा जुन्या पॅसिव्ह पिकअपसारखाच वाजावा असा जुळवलेला असतो. माझ्या मते धक्का बसेल तो मधल्या फळीला, म्हणजे कारखान्यात यंत्राने सरसकट गुंडाळलेल्या, ना स्वस्त ना खास अशा पिकअपला. हाताने गुंडाळणारा मात्र ती चवच विकतो, त्याची गोष्ट वेगळी आहे.

अशा वेळी घुमटाची, म्हणजे मातीच्या मडक्याच्या तोंडावर कातडे ताणलेल्या गोव्याच्या वाद्याची, वाट आठवते. वन्यजीव कायद्यामुळे घोरपडीचे कातडे बंद झाले, बकऱ्याचे आले. नाद बदलला अशी तक्रार जुने वादक करतात. पण चतुर्थीच्या आरत्यांत घुमट आहेच, आणि २०१९ मध्ये सरकारने त्याला वारसा वाद्याचा दर्जाही दिला.

गोव्यातल्या मंचांचा विचार केला तर ॲक्टिव्हच्या बाजूने बरेच बोलता येते. फेस्ताचा किंवा जत्रेचा मांडव, जनरेटर, दिव्यांचे डिमर, नावापुरते अर्थिंग. अशा ठिकाणी एकेरी पिकअप दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत भुंग्यासारखा घुमतो. ॲक्टिव्हवाल्याला तो त्रास नाही, फक्त रात्री केबल जॅकमधून काढायला विसरू नये, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली असते.

पण खारी दमट हवा दोघांनाही सोडत नाही. ती बारीक तार कुठेतरी हिरवी पडून तुटते आणि पिकअप मुका होतो. पॅसिव्ह असेल तर वेटोळे उकलून, नवी तार घेऊन, संयमाने पुन्हा गुंडाळता येते. राळेत बंद केलेली पाटी आणि चिप गेली तर उघडायला जागाच नसते, ती काढून नवीच बसवावी लागते.