ट्रायल्समध्ये उतरायचंय? इंदूरच्या रायडरने कागदांची फाइल कशी लावावी

सायबर कॅफेत जाऊन 'ट्रायल्सचा फॉर्म भरायचाय' म्हटलं की समोरचा विचारतो, कुठल्या टीमच्या? निवड चाचणी, कोर्टातला खटला आणि मोटरसायकलचा हा खेळ, तिघांना शब्द एकच. म्हणून आधी खेळ कोणता ते सांगू. दगड, ओढा, ओंडके, उभा चढ यांतून आखलेल्या छोट्या पट्ट्याला सेक्शन म्हणतात. सेक्शन पार करताना पाय एकदा टेकला तर १ गुण, दोनदा टेकला तर २, तीन किंवा जास्त वेळा टेकला तर ३. पडलात, हद्दीच्या खुणेबाहेर गेलात किंवा सेक्शन अर्धवट राहिला तर ५. गुण म्हणजे इथे दंड, तेव्हा शेवटी ज्याचे गुण कमी तो पुढे. कोण किती जोरात गेलं याला काही किंमत नाही.

हा फरक कागदावरही लागतो. मोटर वाहन कायद्याच्या कलम १८९ मध्ये सार्वजनिक जागी विनापरवानगी 'शर्यत किंवा वेगाची चाचणी' करणाऱ्याला शिक्षा आहे: पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आयोजकाच्या अर्जात नुसतं 'बाइक ट्रायल' लिहिलं असेल तर वाचणारा अधिकारी तोच अर्थ लावतो. अर्जाच्या पहिल्याच ओळीत 'वेगाची स्पर्धा नाही, खासगी बंदिस्त जागेत तोल आणि कौशल्याची स्पर्धा' असं स्वच्छ लिहावं.

कागदांचे गठ्ठे तीन: रायडरचा, गाडीचा, जागेचा. बहुतेक घोळ होतो तो एका गठ्ठ्यातला कागद दुसऱ्याच्या जागी चालेल असं धरल्यामुळे. ड्रायव्हिंग लायसन्स असलं म्हणून स्पर्धेत उतरता येत नाही, आणि स्पर्धेचं लायसन्स खिशात असलं म्हणून गाडी रस्त्यावर काढता येत नाही.

रायडरचं लायसन्स

भारतात मोटरस्पोर्टचं स्पर्धा लायसन्स एफएमएससीआय ही राष्ट्रीय संस्था देते. मोटरसायकलींच्या बाबतीत ती जागतिक संघटना एफआयएमशी संलग्न आहे. शुद्ध ट्रायलच्या स्पर्धा आपल्याकडे मोजक्याच, त्यामुळे मध्य प्रदेशातले रायडर याच लायसन्सवर डर्ट ट्रॅक, सुपरक्रॉस, रॅलीतही उतरतात. फॉर्म भरताना दुचाकीचा गट आणि प्रकार नीट निवडा. चारचाकीचा प्रकार निवडून पैसे भरले की पुढचे दोन आठवडे ईमेल लिहिण्यात जातात. शुल्क दर वर्षी नव्याने ठरतं, म्हणून गेल्या वर्षी मित्राने किती भरले ते विचारू नका, फॉर्मवर दिसेल तो आकडा धरा.

अर्ज ऑनलाइन असतो. जवळ ठेवायचं ते असं: पांढऱ्या पार्श्वभूमीचा अलीकडचा फोटो, ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा, रक्तगट, डॉक्टरने भरून सही-शिक्का केलेला वैद्यकीय फॉर्म, आणि १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांचं संमतीपत्र. संमतीपत्र नोटरीकडून करून घेतलेलं बरं. आई आणि वडील दोघांच्या सह्या असल्या तर नंतर कुणी प्रश्न काढत नाही.

इंदूरच्या मराठी घरांत एक अडचण हमखास येते. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन शब्द असतात, आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव आणि आडनाव एवढेच दोन, कारण शाळेत वडिलांच्या नावासाठी वेगळा रकाना होता. शिवाय आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एकीकडे एका 'ए'चं, दुसरीकडे दोन 'ए'चं. प्रणालीच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. फॉर्म भरण्याआधीच आधार, गुणपत्रिका आणि ड्रायव्हिंग लायसन्स टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. परदेशी स्पर्धेचा विचार असेल तर पासपोर्टवरचं नाव मूळ धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. समग्र आयडी राज्याच्या योजनांना लागतो, इथे त्याचा उपयोग नाही.

ड्रायव्हिंग लायसन्स कधी लागतं? सगळे सेक्शन एकाच बंदिस्त जागेत असतील तर प्रश्न आयोजकाच्या नियमांपुरता राहतो. एका सेक्शनकडून दुसऱ्याकडे जाताना सार्वजनिक रस्ता लागत असेल, जसा रॅलीत लागतो, तर लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी, चारही हवेत. ज्यांच्याकडे लायसन्स नाही त्यांनी परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर लर्निंगचा अर्ज करावा. केंद्रीय नियमांप्रमाणे लर्निंगचे १५० आणि चाचणीचे ५० रुपये, पुढे पक्क्या लायसन्सच्या वेळी चाचणीचे ३०० आणि लायसन्सचे २००. राज्याची आकारणी वर असू शकते. लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्यासाठी किमान ३० दिवस थांबावं लागतं. गिअरच्या गाडीला वय १८ पूर्ण.

वैद्यकीय फॉर्म: इथेच सगळ्यात जास्त अर्ज अडकतात

डॉक्टर एमबीबीएस किंवा त्यावरचा हवा आणि शिक्क्यात नोंदणी क्रमांक वाचता आला पाहिजे. प्रत्यक्षात होतं काय, तर शिक्का सहीवर पडतो, शाई पसरते आणि नोंदणी क्रमांकाचे नेमके मधले दोन आकडे जातात. डॉक्टरसमोरच क्रमांक पेनने खाली पुन्हा लिहून घ्या. एकही रकाना कोरा सोडू नका. काही आजार नसेल तर 'नाही' असं लिहिलेलं हवं, आडवी रेघ चालेलच असं नाही. तारीख आणि ठिकाण डॉक्टरच्याच हातचं असू द्या. स्कॅन सपाट करा. मोबाइलवर तिरका काढलेला फोटो, त्यात अर्ध्या कागदावर बोटाची सावली, असा फॉर्म परत येतो आणि अर्ज पुन्हा रांगेच्या शेपटाला जातो.

फिट येण्याचा किंवा कारण न कळता बेशुद्ध पडण्याचा इतिहास असेल तर तो लपवू नका. दगडावर गाडी उभी असताना दोन सेकंद शुद्ध हरपली तर खाली ऑब्झर्व्हर, म्हणजे सेक्शनपाशी गुण मोजणारा माणूस, उभा असतो. चष्मा चालतो, काच मात्र न फुटणारी हवी. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांच्या आतलं असावं. ते फॉर्ममध्ये विचारोत न विचारोत, मुरमात गुडघा सोलला की लागतंच.

औषधांबद्दल थोडं सावकाश सांगतो, कारण इथे चांगली माणसं नकळत अडकतात. राष्ट्रीय पातळीवर नाडाची, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची, उत्तेजक चाचणी होऊ शकते. रक्तदाबाच्या पुष्कळ जोडगोळ्यांत, म्हणजे एकाच गोळीत दोन औषधं असलेल्यांत, हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. ते लघवी वाढवणारं औषध आहे आणि बंदी यादीत कायमचं आहे, स्पर्धा असो वा नसो. चाळिशीपुढच्या रायडरने आपल्या गोळीच्या नावामागे 'एच' आहे का ते पाहावं आणि पट्टीवरचे घटक डॉक्टरला दाखवावेत. रक्तदाबाचीच नुसती टेल्मिसार्टन यादीत नाही, हायड्रोक्लोरोथायझाइडबरोबरची जोडगोळी आहे. दम्याचा सॅल्ब्युटामॉलचा पंप २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही आठ तासांत ६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतो, त्यापुढे नाही. इन्शुलिन घेणाऱ्याने उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज, म्हणजे टीयूई, आधी मंजूर करून घ्यावा. गुडघ्यात घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात नडतं. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात औषधाच्या दुकानात स्वतःच्या मनाने काही मागू नका.

विमा

स्पर्धेचं लायसन्स किंवा प्रवेश शुल्क यांत अपघात विमा असेल तर त्याची रक्कम आणि अटी वाचून ठेवा. घरच्या मेडिक्लेमवर विसंबू नका. साहसी खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेतल्याने झालेल्या इजेचा खर्च वगळणारं कलम त्यात असतं. गाडीच्या पॉलिसीचं तर आणखी गंमतशीर आहे. 'वापराच्या मर्यादा' या ओळीत संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी यांच्या जोडीला 'रिलायबिलिटी ट्रायल' हा शब्द चक्क छापलेला सापडतो. म्हणजे रोजच्या गाडीने सेक्शन केला आणि फूटपेग (पाय ठेवायचा दांडा) मुडपला, तर दावा करायचा नाही.

गाडीचे कागद

खरी ट्रायल बाइक साधारण ६५ ते ७५ किलोची, सीट जवळजवळ नसलेली, टाकी दोन-तीन लिटरची. मोंटेसा, गॅसगॅस, बेटा, शेरको, टीआरएस ही त्यातली नावं. भारतात ती आयात करूनच येते. विकणाऱ्याकडून चासी नंबर असलेलं बिल आणि बिल ऑफ एंट्रीची (कस्टममधल्या आयातीच्या कागदाची) प्रत घ्या. गाडीला आरसी नसेल तर मालकीचा पुरावा म्हणून हेच दोन कागद उरतात. वापरलेली गाडी घेताना फ्रेमवर ठोकलेला नंबर टॉर्च लावून पाहा. दगडावर घासून तो अर्धा गेलेला असतो, आणि बिलावरचा नंबर जुळतो की नाही ते मग सांगताच येत नाही.

अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणं म्हणजे नोंदणी नसलेलं वाहन चालवणं. कलम १९२ प्रमाणे पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड. सुदामानगरच्या गल्लीत 'कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो' हेही त्यात आलं. चालवणारा १८च्या आतला असेल तर कलम १९९अ लागतं: पालकाला किंवा वाहनमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. गाडी छोटा हाथीत किंवा पिकअपमध्ये घालूनच न्यावी. रेल्वेच्या पार्सलने पाठवायची तर टाकी पूर्ण रिकामी, बिलाची प्रत आणि ओळखपत्र सोबत.

ज्यांना आयात परवडत नाही ते रोजच्या वापराची ऑफ-रोड बाइक सजवतात. ती दीडशे किलोच्या आसपास किंवा वरच असते, तेव्हा सुरुवातीच्या सोप्या सेक्शनपुरतीच अपेक्षा ठेवा. आरसीवर असलेल्या गाडीची मूळ बनावट बदलणं कलम ५२ मध्ये येतं आणि १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आरसा, इंडिकेटर, नंबर प्लेट काढली असेल तर परत बसवल्याशिवाय रस्त्यावर काढू नका.

तपासणीत काय नापास होतं

तांत्रिक तपासणीला स्क्रूटिनी म्हणतात. एफआयएमच्या ट्रायल नियमांतली मोजमापं डोक्यात ठेवा: हँडलबार ६०० ते ८५० मिलिमीटर रुंद, दोन्ही टोकं बंद. क्लच-ब्रेकच्या लिव्हरच्या टोकाला किमान १६ मिलिमीटर व्यासाची गोळी. लिव्हर तुटला म्हणून कानस मारून बोथट केलेला चालत नाही. मागच्या स्प्रॉकेटला (चेनच्या दातेरी चक्राला) गार्ड हवा, कारण फिरत्या चेनमध्ये बोट गेलं तर परत येत नाही. मनगटाला बांधायची किल-स्विचची, म्हणजे ओढताच इंजिन बंद करणारी, दोरी हवी. स्क्रूटिनिअर इंजिन चालू करायला लावतो आणि दोरी हिसकतो. इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं पाहिजे. दोरीच्या टोकाच्या चुंबकाच्या टोपीत काळ्या मातीचा चिकट थर बसला की ती नीट बसत नाही, मग एक तर गाडी सुरू होत नाही किंवा दोरी ओढूनही चालूच राहते. कापडाने पुसलं तरी काम होतं.

टायर हा सगळ्यात महागातला नापास. मोटोक्रॉसचे मोठ्या गुट्ट्यांचे टायर ट्रायलला चालत नाहीत. ठोकळ्याची खोली कमाल १३ मिलिमीटर आणि दोन ठोकळ्यांमधलं अंतरही मर्यादेत, एका दिशेने ९.५ आणि दुसऱ्या दिशेने १३. व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) लावून मोजतात. पुढे २.७५-२१ आणि मागे ४.००-१८ ट्रायल टायर घ्या. हवा मागे ४ ते ५ पीएसआय, पुढे ६च्या आसपास. पेट्रोल पंपावरचा गेज इतकं खाली नीट दाखवत नाही, ०-१५ पीएसआयचा वेगळा घ्या. दगडाच्या कडेवर टायर रिमवरून निसटतो तो बहुधा ३च्या खाली उतरल्यामुळे.

जागा

इंदूरभोवती दगड भरपूर आहे, सगळा दख्खनचा बेसॉल्ट. चोरल, पातालपानी, जानापावकडे पाहिलं की मन धावतं. पण वनजमीन, रालामंडल अभयारण्य आणि महूची लष्करी हद्द यांत चाक घालायचं नाही. सरावालाही खासगी शेत किंवा बंद पडलेली खदानच बघा. मालकाची लेखी संमती घ्या, तीत खसरा क्रमांक (जमिनीचा सर्व्हे नंबर) लिहा आणि खसरा-बी१ या जमीन नोंदीची नक्कल जोडा. नुसत्या तोंडी 'या, चालवा'वर पोलीस आले की मालकच आधी हात वर करतो. स्पर्धा घ्यायची तर आयोजक एफएमएससीआयशी संलग्न क्लब हवा, आणि प्रशासन, पोलीस, ॲम्ब्युलन्स, डॉक्टर हे सगळं त्याच्या शिरावर. पावसाळ्यात काळी माती चाकाला लाडवासारखी चिकटते, म्हणून तारीख दिवाळीनंतरची मागा.

स्पर्धेच्या दिवशी

मूळ कागद आणि दोन-दोन झेरॉक्स. लायसन्स मोबाइलवर दाखवता येतं, पण खदानीत रेंज नसते. आधी कागद तपासणी, मग स्क्रूटिनी, मग ब्रीफिंग. ब्रीफिंगला गैरहजर राहणाऱ्याची तक्रार कुणी ऐकत नाही. सेक्शन पायी चालून पाहा, गाडीने नाही. ऑब्झर्व्हरने तुमच्या कार्डावर खूण केली की पुढे सरकण्याआधी ती पाहून घ्या. पाय दोनदा टेकला आणि पडलं ३, तर तिथेच शांतपणे विचारा. निकालावर लेखी हरकत घ्यायची तर एफआयएमच्या पद्धतीत निकाल लागल्यापासून ३० मिनिटं, शुल्कासह. त्यामुळे निकालाच्या फळ्यापाशी कुणीतरी थांबवून ठेवा आणि त्याच्या खिशात पेन, कोरा कागद आणि रोख पैसे असू द्या.

बाहेरदेशी उतरायचं असेल तर राष्ट्रीय लायसन्स पुरत नाही. एफएमएससीआयचं ना-हरकत पत्र लागतं आणि स्पर्धेच्या पातळीप्रमाणे एफआयएम किंवा एफआयएम एशियाचं लायसन्स. व्हिसाच्या मुलाखतीआधी ते हातात पडेल असा हिशोब मागे मोजून लावा. लायसन्स कॅलेंडर वर्षाचं असतं. ऑक्टोबरमध्ये काढलं तरी ३१ डिसेंबरला संपतं, म्हणून वर्षअखेरच्या एकाच स्पर्धेसाठी काढताना वर्षाचे पैसे त्यात फिटतात का ते आधी बघा, आणि जानेवारीतल्या स्पर्धेला डिसेंबरचं कार्ड घेऊन जाऊ नका.