कोरड्या इलेक्ट्रोडचं यंत्र: पेटंट रोलला मिळत नाही, मग कशाला मिळतं?

लिथियम-आयन बॅटरीच्या कारखान्यात भरपूर जागा आणि वीज खाणारी गोष्ट म्हणजे सुकवण्याची भट्टी. बॅटरीच्या धन इलेक्ट्रोडसाठी धातूच्या ऑक्साइडची किंवा फॉस्फेटची पूड, थोडा कार्बन आणि पीव्हीडीएफ नावाचा बाइंडर, म्हणजे कण बांधून ठेवणारा पदार्थ, घेतात, एनएमपी या सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवात, कालवतात आणि तो पातळ लगदा 12 ते 15 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलवर पसरतात. मग ती पट्टी अनेक मीटर लांबीच्या भट्टीतून हळूहळू पुढे सरकते. एनएमपी 202 अंशांना उकळतं आणि प्रजनन आरोग्याला घातक आहे, म्हणून त्याची वाफ हवेत सोडता येत नाही. ती पकडायची, थंड करायची, शुद्ध करून पुन्हा वापरायची. ऋण इलेक्ट्रोडला बहुधा पाणी चालतं, पण सुकवणं चुकत नाही. म्हणजे एवढा सगळा पसारा, जे मुद्दाम ओतलं ते पुन्हा काढून टाकण्यासाठी.

कोरड्या इलेक्ट्रोडची पद्धत ओततच नाही. पूड कोरडीच राहते आणि तिला बांधून ठेवायला पीटीएफई, म्हणजे आपल्या ओळखीचं टेफ्लॉन, एक-दोन टक्क्यांच्या आसपास मिसळतात. हे कसं बांधतं ते घरी पाहता येईल. प्लंबर नळाच्या आट्यांवर गुंडाळतो ती पांढरी टेप वीतभर घ्या आणि रुंदीच्या दिशेने सावकाश ताणा. टेप फाटण्याआधी जाळीसारखी उकलते आणि उजेडात धरली की केसाहून बारीक धागे दिसतात. पीटीएफईचे कण घासले, रगडले की त्यांतून असेच तंतू ओढले जातात. बॅटरीच्या पुडीत हेच तंतू कणाकणांना कोळिष्टकासारखे धरून ठेवतात आणि पुडीचा सलग, उचलता येईल असा पापुद्रा तयार होतो.

यात एक अडचण आहे आणि ती आपल्या हवेशी थेट संबंधित आहे. 19 अंश सेल्सिअसला पीटीएफईच्या स्फटिकाची रचना बदलते. त्याखाली कण एकमेकांवरून सरकतात, त्यावर गेलं की जरा रगडताच तंतू सुटायला लागतात. सांगलीत मे महिना सोडाच, जानेवारीच्या दुपारीही पारा 19 च्या बराच वर असतो. पोतं हलवताना, हॉपरमध्ये, म्हणजे यंत्राच्या भरणीच्या डब्यात, ओतताना पूड गुठळ्या धरणार. तेव्हा बेदाण्यासाठी तासगाव, सांगलीकडे जशी कोल्ड स्टोरेजेस आहेत तशी थंड जागा पुडीलाही हवी, आणि तंतू हवेत तिथेच, हवेत तेव्हाच निघाले पाहिजेत. यंत्राची निम्मी हुशारी इथे आहे.

उरलेली निम्मी रोलमध्ये. मिसळलेली पूड दोन तापवलेल्या पोलादी रोलमधून दाबून काढायची, पापुद्रा पुढच्या रोलवर घ्यायचा, पातळ करत न्यायचा आणि शेवटी फॉइलवर चिकटवायचा. ऐकायला सोपं वाटतं. कुपवाड, मिरजेच्या एमआयडीसीत रोल टर्निंग आणि ग्राइंडिंग करणाऱ्या माणसाला मात्र पुढचा हिशोब ऐकून घाम फुटेल. पापुद्र्याची जाडी शंभरेक मायक्रॉन, आणि फरक चालतो एक-दोन मायक्रॉनचा. पोलाद दर मीटरला, दर अंशाला सुमारे 12 मायक्रॉन फुगतं. 600 मिलिमीटर व्यासाचा रोल फक्त 1 अंशाने तापला तर व्यास 7 मायक्रॉनने वाढतो. समोरासमोरच्या दोन रोलांची केंद्रं पक्की असतील तर त्या एका अंशाने मधली फट 7 मायक्रॉनने कमी झाली! चालणाऱ्या फरकाच्या कितीतरी पट. त्यात भर म्हणजे दाबाखाली रोल मधोमध वाकतो, म्हणजे पट्टी मध्ये जाड आणि कडांना पातळ. बेअरिंगचा थोडासा रनआउट, म्हणजे फिरतानाचा डगमगाट, दर फेऱ्याला पट्टीवर आपली सही करून जातो. धन इलेक्ट्रोडची पूड कठीण असते, ती रोलचा पृष्ठभागही झिजवते.

आता पेटंटकडे येऊ. हॉपर जुना, रोल जुने, तेलाने रोल तापवणं जुनं, मध्ये फुगीर ठेवलेला क्राउनचा रोल कागदगिरण्यांत फार आधीपासून आहे, रबराचे कॅलेंडरही, म्हणजे रबर रोलमधून दाबून पट्टी काढणारी यंत्रंही, तशीच जुनी. मग अशा यंत्राला पेटंट कशाच्या जोरावर?

आपला 1970 चा पेटंट कायदा तीन गोष्टी मागतो: नवेपणा, कल्पक पाऊल आणि उद्योगात वापरता येण्याची क्षमता. तिसरी अट यंत्राला सहसा अडवत नाही. पहिली शोध घेतला की कळते. खरी झुंज दुसऱ्या अटीवर होते. कलम 2(1)(ja) म्हणतं की आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही हवं, आणि त्या कामातल्या जाणकाराला ती गोष्ट सहज सुचणारी नसावी. शिवाय कलम 3 मध्ये यंत्र बनवणाऱ्यांसाठी दोन कुंपणं आहेत. 3(f) सांगतं की माहीत असलेली उपकरणं नुसती शेजारी शेजारी मांडली, आणि प्रत्येक आपापलं काम जुन्याच पद्धतीने स्वतंत्रपणे करत राहिलं, तर तो शोध नव्हे. दुसरं 3(d). हे कलम नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या 2013 च्या निकालामुळे औषधांचं म्हणून गाजलं, पण त्यातच ज्ञात यंत्राचा नुसता वापर हा शोध मानायचा नाही, अशीही तरतूद आहे. रबराच्या कॅलेंडरमध्ये रबराऐवजी बॅटरीची पूड घातली म्हणून कॅलेंडर नवा होत नाही. यंत्र ओळखायचं ते यंत्राच्या रचनेवरून, त्यात काय भरडलं यावरून नव्हे.

या विषयावरचा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा मूळ निकाल लेथवाल्यांचा आहे, आणि आपल्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये तो माहीत असावा असं मला मनापासून वाटतं. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज, 13 डिसेंबर 1978. भांडी लेथवर धरून तासायची, चकाकी आणायची. जुन्या रीतीत भांडं लाखेसारख्या सिमेंटने हेडस्टॉकला, म्हणजे लेथच्या फिरवणाऱ्या टोकाला, चिकटवत किंवा चकच्या (पकडीच्या) जबड्यात धरत. मागून टेलस्टॉकचा, म्हणजे समोरच्या टोकाचा, आधार नसे, त्यामुळे भांडं उडून अपघात होत आणि काम हळू चाले. पेटंटधारकाने टेलस्टॉकच्या बाजूने दाब देणारा स्पिंडल (दांडा) लावून भांडं घट्ट धरलं. काम सुरक्षित झालं, वेग वाढला. तरी पेटंट रद्द झालं. टोकदार टेलस्टॉकने वस्तू दाबून धरणं हे कारागिरांना अनेक वर्षं ठाऊक होतं, ते भांड्याला लावणं ही वर्कशॉपमधली सुधारणा झाली, शोध झाला नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. उपयोग झाला एवढं पुरेसं नसतं.

हा निकाल कोरड्या इलेक्ट्रोडच्या यंत्राला लावून पाहू. समजा, कुणी दावा लिहिला: एक हॉपर, दोन रोल, एक गुंडाळी. हा 3(f) च्या कुंपणाशीच अडकेल. आता दुसरा रोल पहिल्यापेक्षा जास्त वेगाने फिरवला. वेगातल्या फरकाने फटीतली पूड नुसती दाबली जात नाही, रगडली जाते, म्हणून तंतू फटीतच निघतात. पापुद्रा तिथेच बनतो आणि जलद रोलला चिकटून पुढे निघतो, त्याला वेगळा आधार लागत नाही. तंतू काढणं, पापुद्रा करणं, वाहून नेणं, ही तीन कामं वेगाच्या एका गुणोत्तराने झाली. इथे भाग स्वतंत्र राहिले नाहीत, ते एकमेकांवर अवलंबून काहीतरी असं घडवतात जे एकट्याने घडत नाही. ड्रेस्डेनच्या फ्राउनहोफर आयडब्ल्यूएस संस्थेची ड्रायट्रेक ही पद्धत याच तत्त्वावर चालते. पेटंट मिळतं ते अशा नात्याला. अर्थात ही कल्पना आता जगाला माहीत आहे, म्हणून पुढे येणाऱ्याला ती तशीच मागता येणार नाही.

पुढे येणाऱ्याने बारीक अडचण पकडायची. पापुद्र्याच्या दोन्ही कडा ठिसूळ असतात, त्या कापाव्या लागतात. ते कापलेलं महाग द्रव्य परत हॉपरमध्ये टाकावं तर त्यात तंतू आधीच निघालेले, त्यामुळे गुठळ्या होतात आणि जाडी बिघडते. समजा, कुणी ते 19 अंशांखाली नेऊन फोडलं, ताज्या पुडीत ठरावीक प्रमाणात मिसळलं, आणि ते प्रमाण रोलच्या मोटरवर येणाऱ्या टॉर्कवरून, म्हणजे फिरवायला लागणाऱ्या जोरावरून, दर क्षणाला बदललं. थंड करणं जुनं, टॉर्क मोजणं जुनं. पण टॉर्कवरून तंतूंची अवस्था ओळखायची आणि त्यावरून भरणा ठरवायचा, हे आधी कुठे नसेल, आणि त्याने जाडीतला फरक किती कमी झाला याचे आकडे हाताशी असतील, तर परीक्षकासमोर बोलायला जागा आहे. आधी कुठे आहे का, ते गूगल पेटंट्सवर आणि भारतीय पेटंट कार्यालयाच्या इनपास या शोधसेवेवर फुकट पाहता येतं. ते न पाहता अर्ज लिहायला बसू नये.

जाणकाराला सुचलं असतं का, हा प्रश्न आपल्याकडच्या एका उदाहरणाने चांगला तपासता येतो. साखर कारखान्याच्या मिलमध्ये वरची लाट, म्हणजे ऊस पिळणारा वरचा रोल, तरंगती असते. हायड्रॉलिक दाब कायम ठेवतात आणि उसाचा थर जाड आला की लाट वर उचलली जाते. इलेक्ट्रोडच्या कॅलेंडरमध्ये जाडी राखायची म्हणून साहजिकच फट कायम ठेवायची धडपड असते. एखाद्याने तरंगता रोल उचलून इथे बसवला आणि जाडी अपेक्षेप्रमाणे कमी-जास्त झाली, तर त्यात शोध नाही. सगळे फटीच्या मागे असताना कुणी दाखवून दिलं की अमुक वेगाच्या गुणोत्तरात दाब कायम ठेवला तर जाडी उलट जास्त एकसारखी येते, आणि का येते तेही सांगितलं, तर लाट साखर कारखान्यातली असली तरी पाऊल कल्पक आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये केएसआर खटल्यात, गाडीच्या पेडलच्या निमित्ताने, हाच कस लावला होता: ओळखीचे भाग जोडून अंदाज होता तेवढंच मिळालं तर पेटंट नाही.

कोरड्या इलेक्ट्रोडच्या यंत्रावरून झालेलं मोठं भांडणही आपल्या जॉबवर्कवाल्यांनी नीट पाहावं असं आहे. ही पद्धत सॅन दिएगोच्या मॅक्सवेल कंपनीने अल्ट्राकपॅसिटरसाठी, म्हणजे झटपट वीज साठवून सोडणाऱ्या उपकरणासाठी, वापरली होती. टेस्लाने 2019 मध्ये मॅक्सवेल विकत घेतली आणि सप्टेंबर 2020 मध्ये आपल्या 4680 या बॅटरी सेलसाठी हीच पद्धत जाहीर केली. रोलची यंत्रं पुरवणाऱ्यांत पिट्सबर्गची मॅथ्यूज इंटरनॅशनल होती. 1850 पासूनची ही कंपनी ब्राँझची स्मारकं आणि शवपेट्या करण्यासाठी ओळखली जाते, पण तिच्या जर्मन शाखेचा छपाईच्या आणि नक्षीच्या रोलमध्ये हातखंडा आहे. जून 2024 मध्ये टेस्लाने कॅलिफोर्नियात दावा ठोकला की आमची गुपितं मॅथ्यूजने स्वतःच्या पेटंट अर्जांत घातली आणि यंत्रं इतरांना विकली. मॅथ्यूजने ते नाकारलं. प्रकरण लवादाकडे गेलं आणि फेब्रुवारी 2025 मध्ये लवादाने मॅथ्यूजचा इतरांना यंत्रं विकण्याचा हक्क मान्य केला.

ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं, हात आपला, हे नातं सांगली, सातारा, किर्लोस्करवाडीच्या पट्ट्यात शंभर वर्षांहून जुनं आहे. ट्रायल घेताना फिटर सुचवतो, ‘इथे अर्धा थाऊ कमी करून बघू,’ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि यंत्र चालायला लागतं. ती सुधारणा कुणाची, हे कागदावर आधी लिहिलं नाही तर नंतर ठरवणं फार कठीण. भारतात व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही, करारावरच भिस्त. म्हणून ऑर्डर घेताना दरासोबत ही ओळ मागायला लाजू नये. आपल्या कारागिरांची अक्कल दुसऱ्याच्या अर्जात, त्यांच्या नावाशिवाय जाते, हे मला फार लागतं.

आणि वेळ. भारतात आधी दाखवून मग अर्ज, असं सहसा चालत नाही. प्रदर्शनात चालतं यंत्र मांडलं, रील टाकली, वालचंद महाविद्यालयातल्या परिषदेत निबंध वाचला, की नवेपणा गेला असंच धरून चालावं. सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन किंवा विद्वत्सभेतला निबंध अशा मोजक्या बाबतींत बारा महिन्यांची सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहणं धोक्याचं. त्यापेक्षा तात्पुरता अर्ज आधी टाकावा. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचं मूळ शुल्क 1600 रुपये आहे, आणि पूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात. रोलच्या यंत्राला हा काळ फार उपयोगी, कारण उन्हाळा, पावसाळा, थंडी असं सगळं पाहिल्याशिवाय जाडीचे आकडे पक्के होत नाहीत. तात्पुरत्या अर्जात ‘दोन किंवा अधिक रोल असलेलं यंत्र’ एवढंच लिहून भागत नाही. कोणता रोल किती पट वेगाने फिरतो, तापमान किती अंशांत धरलं, ते ढळलं की काय बिघडतं आणि तुमच्या जोडणीने ते का सावरतं, हे सगळं त्याच दिवशी लिहिलेलं हवं. नंतर घातलेल्या मुद्द्याला पहिल्या अर्जाची तारीख मिळत नाही.